अर्धा कोयता, पूर्ण गिऱ्हाईक



नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला की तिसगाव लागतं. बाजाराचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका मीठमिरचीपासून मुलांच्या दप्तरापर्यंत सगळं इथूनच नेतात. दसऱ्याच्या आसपास या बाजाराला वेगळीच घाई असते. पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पुढच्या पाचसहा महिन्यांचा संसार गाडीत भरायचा असतो. ताडपत्री, तेल, चटणीची मिरची, म्हाताऱ्या सासूसाठी मागे ठेवायचं धान्य, पोरांचे स्वेटर. काय घ्यायचं, कशावाचून चालेल, किती पुरेल, हा सगळा हिशोब बाईच्या डोक्यात असतो.

पण मुकादमाच्या वहीतला हिशोब निराळा आहे. तिथे नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, टनाचा हिशोब नवऱ्याच्या नावावर. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई वहीत कुठे दिसतच नाही. जवळच मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे एकेका गाढवाचा वेगळा भाव ठरतो. बाईचा तेवढाही ठरत नाही.

आणि हीच बाई बाजारात आली की मात्र सगळ्यांना दिसायला लागते! तिच्यासाठी शाम्पूची पुडी, तिच्यासाठी गोरं करणारं मलम, तिच्यासाठी हप्त्यावर मिक्सर. मजूर म्हणून अर्धी, गिऱ्हाईक म्हणून पूर्ण.

हे आपोआप झालेलं नाही. गरिबांकडे गिऱ्हाईक म्हणून बघा, असं सांगणारा एक मोठा विचारच व्यवस्थापनशास्त्रात आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांनी २००४ साली यावर पुस्तक लिहिलं. गरिबांना छोट्या पुडीत, परवडेल असा माल द्या, त्यांना निवड करू द्या. कंपनीचाही फायदा आणि त्यांचाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच विद्यापीठातल्या अनिल कर्णानी यांनी २००७ साली त्याला उत्तर दिलं. गरिबाला माल विकून त्याची गरिबी हटत नाही. तो जे पिकवतो, बनवतो, राबतो, ते विकत घ्या, त्याची मिळकत वाढवा, असं ते म्हणतात. गोरेपणाच्या मलमाला बाईचं सबलीकरण म्हणण्यावरही त्यांनी टीका केली. त्या मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द कंपनीने काढला तो २०२० साली. आपण कर्णानींच्या बाजूच्या आहोत हे वेगळं सांगायला नको. तरी पुडी घेणाऱ्या बाईला हसू नका. हातात दहा रुपये असतील तर ती दहाचीच वस्तू घेणार. प्रश्न तिच्या हातात दहाच रुपये का, हा आहे.

आता यंत्रांचं. यंत्र आलं की बाईचा जीव सुटेल, असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. काही अंशी ते खरं आहे. पिठाच्या गिरणीने आपल्या आजीला पहाटेच्या जात्यापासून सोडवलं, ते जातं परत यावं असं कुठलीही शहाणी बाई म्हणणार नाही. (जात्यावरच्या ओव्या सुंदर असतात हे कबूल. पण त्या सुंदर म्हणणाऱ्यांनी एकदा पायलीभर दळून बघावं.) पण पुढे काय होतं? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवान यांनी १९८३ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तेव्हा लाकडं फोडण्यासारखी पुरुषांची आणि मुलांची कामं आधी सुटली. आईची तशीच राहिली, उलट अपेक्षा वाढल्या. कपडे धुणं सोपं झालं, म्हणून कपडे रोज धुवायचे. आपल्याकडे तर यंत्राआधी पाणी हवं. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर धुण्याचं यंत्र म्हणजे पितळेची भांडी ठेवायला फळी.

आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत बाईची २९९ मिनिटं होती. पाच वर्षांत सुटली ती दहा मिनिटं! आणि पुरुषांची? तीही ९७ वरून ८८ वर उतरली.

मोबाईलचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरते असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार बाईच्या खात्यात २०२४ पासून येऊ लागले, ही लहान गोष्ट नाही. पण पैसे आल्याचा निरोप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर वाजत असेल, तर ते कधी आले नि कुठे गेले हे तिला शेवटी कळतं. फायनान्सच्या कर्जात उलटं. कर्ज बाईच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या, आणि हप्ता गटातल्या दहा जणींच्या डोळ्यांदेखत तिनेच भरायचा. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्ज देताना ही बेरीज कुणी केली का, हे गटातल्या प्रत्येकीने विचारायला हवं.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या गिऱ्हाईक म्हणूनच. तेव्हा गिऱ्हाईक हा शब्द लढ्याचा होता. कायद्यातही तो अगदीच दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने जी ती वापरते, तीही ग्राहक आहे. म्हणजे बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी फुटक्या मिक्सरची तक्रार बाई करू शकते, आणि तीही आपल्या राहत्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार सांगता येते.

पाथर्डी, शेवगाव भागातल्या मंडळांना एक काम देतो. ऊसतोडीहून बायका परतल्या की बैठक घ्या आणि घरातल्या वस्तूंची यादी करा: पैसे कुणाचे, बिल कुणाच्या नावावर, हप्ता कोण भरतं, वापरतं कोण. कोऱ्या कागदावर चार रकाने पुरेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खडे मांडावेत. याद्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे. मोटारसायकल विसरू नका.