पळायचे कुठे, हे आधी सांगा

आसनगाव, आटगाव किंवा मुरबाडच्या एखाद्या कारखान्यात पोराला काम लागले की घरचे तीन प्रश्न विचारतात. रोज किती, पाळी कोणती आणि ओव्हरटाइम मिळतो का. आग लागली तर बाहेर कुठून पडायचे, हे कोणी विचारत नाही. ठेकेदारही सांगत नाही. पोरगा त्याच दिवशी मशीनवर उभा राहतो.

हा निष्काळजीपणा परवडणारा भाग आपला नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे खुद्द शहापूर तालुक्यात, सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० जण ठार झाले. त्यात बहुतेक पोटासाठी परराज्यांतून आलेले होते.

एवढे लोखंड अंगावर कोसळल्यावर कोणतेही प्रशिक्षण उपयोगी पडत नाही, हे मला मान्य आहे. पण तयारी त्याच्या आधी सुरू होते. भार उचलला जात असताना खाली कोणी उभे राहायचे नाही, काही वेडेवाकडे दिसले तर ‘काम थांबवा’ म्हणण्याचा हक्क कोणाला, रात्रपाळीला जागेवर नेमकी किती माणसे आहेत. ही उत्तरे कामावरच्या शेवटच्या माणसालाही ठाऊक हवीत.

कायद्याने हे कधीच सांगून ठेवले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ मध्ये आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग सर्व कामगारांना माहीत असावेत आणि तसे प्रशिक्षण त्यांना दिलेले असावे, असे म्हटले होते. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक केले. धोकादायक रसायनांचा मोठा साठा असलेल्या ठिकाणी दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घेण्याचाही नियम झाला.

कायद्यात ‘सर्व कामगार’ म्हटले होते. प्रत्यक्षात ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, बिल्ले लावले जातात, शपथ होते, फोटो निघतो. फोटोत असतात ते दिवसपाळीचे कायम कामगार. ठेकेदाराचा मदतनीस, रात्रपाळीचा हमाल, पॅकिंगमधल्या बायका त्यात कितीशा असतात? पुणे जिल्ह्यात उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी लागलेल्या आगीत मेलेल्यांमध्ये बहुतांश स्त्रियाच होत्या. धोका हजेरीपट पाहून येत नाही.

शिकवायचे तरी किती असते? दुसरा दरवाजा कोणता, आणि त्याच्यासमोर खोकी रचायची नाहीत. सिलिंडरची पिन कशी काढायची आणि फवारा ज्वाळेवर नव्हे, तिच्या बुडाशी मारायचा. वायू गळला तर वाऱ्याला आडवे पळायचे. अंगावर ॲसिड उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचे. बाहेर एका ठरलेल्या जागी जमून माणसे मोजायची. आणि टाकीत उतरलेला सोबती बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. हे शेवटचे सर्वांत कठीण. आपली पोरे धाडसी आहेत, मदतीला धावतात, आणि त्या टाकीतून एकाऐवजी तीन मय्यती निघतात. अशा वेळी काय करायचे नाही, हे आधी हाताला आणि डोक्याला सवय लावूनच शिकता येते.

अपघातानंतर आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अल्लाहची मर्जी, त्याची वेळ भरली होती.’ दुःखातल्या घराला सब्र देण्यासाठी ते ठीक आहे. पण बंद दरवाजाला कुलूप कोणी लावले, हा प्रश्न टाळण्यासाठी तेच वाक्य वापरले जाते तेव्हा मला ते खटकते. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. कारखान्याच्या फाटकात शिरताना ती विसरायची का? जीव ही अमानत आहे. ती जपायची जबाबदारी कामगाराची आहे आणि त्याला कामावर घेणाऱ्याची त्याहून अधिक.

म्हणून मागणी साधी आहे. कायम असो वा ठेक्याचा, नव्या माणसाचा पहिला एक तास सुरक्षेचा असावा, त्या तासाची मजुरी मिळावी, आणि सांगणे त्याला कळेल अशा भाषेत असावे. मराठी, हिंदी, बंगाली, जी असेल ती. तालीम रात्रपाळीलाही व्हावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी वहीतल्या सह्या पाहून परत जाऊ नये. सर्वांत नव्या मजुराला बाजूला घेऊन विचारावे, ‘आग लागली तर कुठून जाशील?’ तो अडखळला, तर ती तालीम झालीच नाही असे समजावे.

आणि आपणही घरातल्या पोराला रोज किती मिळतो हे विचाराल, तेव्हा दुसऱ्या दरवाजाचेही विचारा. त्याला सांगता आले नाही, तर उद्या फाटकातून आत शिरताच आधी तो शोधायला सांगा.