दिव्याखालीं अंधार

खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं वीज निर्माण होऊं लागली. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून कोसळे, चक्रें फिरत. वीज मात्र तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि तारांखालच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत पुढें कित्येक वर्षें रॉकेलची चिमणीच जळत राहिली! हें आज आठवण्याचें कारण पनवेल-कर्जत लोकलमार्ग. त्याच्या नुसत्या नांवानें आमच्या पेठेंतील मंडळी जमिनीचे भाव बोलूं लागतात. रेल्वेस आमचा विरोध नाहीं. १८५६ सालीं खोपोलीस आगगाडी आली नसती, तर येथील व्यापाराची काय कथा? परंतु पहांटे भाजीची पाटी घेऊन निघणाऱ्या वाडीवरच्या बाईस भर पावसांत स्थानक गांठतां येईल असा रस्ता कधीं होणार, हें व्यापाऱ्यांनींच जिल्हा परिषदेस विचारावें.