स्वयंशिक्षण आणि शाळेची जबाबदारी

संगणकाच्या क्षेत्रात ‘स्वतःच शिकलेला’ हे विशेषण अलीकडे मोठ्या कौतुकाने वापरले जाते. पदवी नाही, शिकवणी नाही, तरीही संकेतस्थळे घडवतो, अशा तरुणाची बातमी आली की पालक ती मुलांना आवर्जून दाखवतात. लोणारसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे अभियांत्रिकीचे शुल्क अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, तिथे ही बातमी आशेची वाटावी हे स्वाभाविकच. तथापि या कौतुकात एक धोका आहे आणि त्याची चर्चा शाळेच्या स्मरणिकेत व्हावी, असे मला वाटते.

बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांचे उदाहरण अनेकांनी वाचले असेल. दहावी, आयटीआय आणि मग इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना नऊ हजार रुपयांवर खोल्यांची व्यवस्था पाहण्याचे काम. इतरांसारखे संगणकावर काम करावे, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली तेव्हा पदवीची अट पुढे आली. परंतु ग्राफिक्स आणि ॲनिमेशनमध्ये कागदापेक्षा कसब पाहतात, हेही कळले. त्यांनी ॲनिमेशनचे शिक्षण घेतले, नंतर नोकरी करताकरता पायथॉन आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषा अभ्यासल्या आणि डिझाइनचे तयार साचे पुरवणारी स्वतःची कंपनी उभी केली. टाळेबंदीत गावी परतल्यावर नेटवर्कसाठी त्यांनी डोंगरावरच्या गोठ्यात संगणक मांडला. २०२४ साली ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमात त्यांना एक कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा प्रस्ताव मिळाला. लोकांच्या लक्षात गोठा आणि कोटी एवढेच राहते. मधली अभ्यासाची वर्षे बातमीत एका ओळीत संपतात.

हे क्षेत्र स्वयंशिक्षणाला इतके अनुकूल का, यालाही इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. शिवाय वेबपानाची बांधणी उघडी असते. संगणकावर कोणतेही पान उघडून त्याचा ‘सोर्स’ पाहता येतो. मथळा कोणत्या खुणेत ठेवला, तक्ता कसा मांडला, सारे समोर दिसते. ज्यांच्या पूर्वजांना पोथीला हात लावण्याचीही मनाई होती, त्यांच्या मुलांना हा उघडेपणा काय देऊ शकतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पण जे दिसते ते अर्धेच असते. एचटीएमएलने रचना, सीएसएसने रूप आणि जावास्क्रिप्टने हालचाल येते. हा भाग पाहून-पाहून शिकता येतो. सर्व्हरवर काय चालते, माहितीचा साठा कसा रचला आहे, वापरणाऱ्यांचे पासवर्ड कोणत्या स्वरूपात ठेवले आहेत, हे बाहेरून दिसत नाही. एकट्याने शिकलेला मुलगा नेमका इथे अडखळतो. त्याचा अर्ज भरला जातो, पान उघडते, म्हणून काम पूर्ण झाले असे त्याला वाटते. पासवर्ड आहे तसेच लिहून ठेवले आहेत किंवा अर्जाच्या चौकटीत कोणी नावाऐवजी आज्ञा टंकित केली तर सारी माहिती बाहेर सांडू शकते, हे त्याला सांगणारे कोणी नसते. मराठीच्या बाबतीतही तेच. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर मजकूर निरर्थक दिसतो आणि शोध घेतला तरी सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. (आपल्याकडे किती अर्ज-विनंत्या आजही कृतिदेवमध्ये टंकित होतात, ते न बोललेले बरे.)

एमएस-सीआयटीने गावोगावी संगणक नेला, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण तो अभ्यासक्रम प्रामुख्याने संगणक वापरायला शिकवतो. पुढचा अभ्यास बहुतांशी इंग्रजीत आहे आणि सरावाला रोज काही तास, स्वतःचे यंत्र आणि शांत जागा लागते. या गोष्टी ज्यांच्या घरी आहेत त्यांचे ‘स्वयंशिक्षण’ आणि आपल्या वसतिगृहातील मुलाचे ‘स्वयंशिक्षण’ एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

एकट्याने शिकणाऱ्याची थोरवी सांगणारी कथा या देशात जुनी आहे. तिच्यात गुरूने शिकवले काहीच नाही, अंगठा मात्र मागून घेतला. बाबासाहेबांनी स्वतः किती हालअपेष्टांत अभ्यास केला, हे आपण जाणतो. परंतु त्या हालअपेष्टा पुढच्या पिढीनेही भोगाव्यात असे त्यांनी कधी मानले नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरवले. गोठ्यातल्या संगणकाचे कौतुक करून जी संस्था स्वतःच्या संगणककक्षाला कुलूप घालते, तिला या इतिहासाचे विस्मरण झाले आहे, असेच म्हणावे लागेल.

म्हणून माझी संस्थाचालकांना विनंती आहे की, संगणककक्ष सायंवंदनेनंतर दीड तास उघडा ठेवावा. या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार, येता येत नसेल तर दूरध्वनीवरून, मुलांनी लिहिलेले कोड वहीसारखे तपासून द्यावे. पहिले काम म्हणून मुलांनी आपल्या सरोवराविषयी युनिकोड मराठीत एक संकेतस्थळ करावे. साध्या मोबाइलवर ते चटकन उघडते की नाही, हे पालकांनीच पाहून सांगावे.