पैसे कोण देणार?

"पीएचडी करून शेवटी विमावाल्यांच्या फायली चाळतोस?" मागच्या रविवारी फोनवर मामाने विचारलं. त्याचं काही चुकलं नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

तेव्हा मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. हृदयरुग्णाच्या फुफ्फुसात पाणी साठू लागलं की आगाऊ सूचना देणारा सेन्सर आम्ही बनवत होतो. एफडीएची परवानगी आली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले (एडिसनहून आणलेले!). दीड वर्षात कंपनी बंद. यंत्र उत्तम चालत होतं. फक्त त्याचे पैसे कोण देणार, याचा विचार कुणी केला नव्हता.

मंडळी, एफडीए विचारते, यंत्र सुरक्षित आणि परिणामकारक आहे का? ज्येष्ठांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, निराळंच विचारतो: आमच्या रुग्णाला ते गरजेचं आहे का? आमच्या चाचणीतले बहुतेक रुग्ण पन्नाशीतले, मेडिकेअरचे बहुतेक पासष्टीपुढचे. संपला विषय! बिलासाठी सीपीटी कोड लागतो. आम्हाला मिळाला तो तात्पुरता, तिसऱ्या श्रेणीचा. त्याला देशभर ठरलेला दर नसतो. मग हॉस्पिटलने यंत्र घ्यायचं कशाच्या भरवशावर?

"ते मार्केटिंगवाल्यांचं काम," असं आम्ही नाक मुरडून म्हणायचो. शुद्ध माज! चाचणीत कोणते रुग्ण घ्यायचे, किती महिने पाहायचे, हॉस्पिटलातले दिवस मोजायचे की नुसता सिग्नल, हे सगळं आमच्याच टेबलावर ठरलं आणि तिथेच चुकलं. यंत्र आतून ओळखणारा माणूस या कामात नको, तर कुठे हवा?

"ही तुमच्याकडची थेरं, आमच्याकडे खिशातून द्यायचे," इति मामा. अर्धंच खरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. नव्या स्टेंटना वेगळा वर्ग द्या, अशी कंपन्यांची मागणी होती. २०१८ च्या फेरआढाव्यातही ती मान्य झाली नाही. 'नवा' म्हणजे रुग्णाला नेमका किती जास्त फायदा, हाच तो प्रश्न! तो सोडवायला थोडं संख्याशास्त्र, थोडं आरोग्य-अर्थशास्त्र आणि कंटाळवाणे सरकारी निर्णय वाचायची चिकाटी लागते. आपल्या इंजिनिअरांना यातलं काय जड आहे?

मामाने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे पगार बरा आहे ना?"

आहे.