जनरेटर बसवा, पण जिन्याखाली नको



आपल्या कारखान्याला हंगामात लागणारी वीज आपण चिपाडावर करतो. चिपाड बॉयलरात जाते, वाफ टर्बाइन फिरविते आणि धूर उंच धुराड्यातून निघून जातो. धुराडे एवढे उंच कशाला, असे आजवर एकाही सभासदाने वार्षिक सभेत विचारलेले नाही. धूर माणसाच्या डोक्यावरून गेला पाहिजे, एवढे शहाणपण आपल्या सर्वांपाशी आहे. मात्र हेच शहाणपण मुंबईच्या उपनगरात गेल्यावर आपल्याच माणसांना सोडून जाते की काय, अशी शंका आम्हास नुकतीच आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-पुतणे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांत राहतात. अशाच एका नातलगाकडे आम्ही घाटकोपरला मुक्कामास होतो. त्यांच्या सोसायटीची सभा होती, आम्हीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. विषय होता जनरेटरचा. इमारत सात मजल्यांची. वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी करायचे काय? प्रश्न रास्त होता. जनरेटर घ्यावा, यावर कोणाचेच दुमत नव्हते. घोडे अडले ते जागेवर. मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहतात. बाहेर ठेवला तर डिझेल आणि बॅटरी चोरीला जाईल, आवाजाने शेजारची इमारत तक्रार करील. शेवटी एकाने तोड काढली : जिन्याखालची खोली रिकामीच आहे, तिथे बसवू. त्या खोलीला लागून रखवालदाराची खाट आहे.

आम्हाला राहवले नाही. विचारले, "धूर कुठं जाणार?"

"आबा, खिडकी आहे की तिथं! आणि चालणार किती, महिन्यातून तासभर."

तेव्हा आम्ही त्यांना विहिरीची आठवण दिली. जुन्या सभासदांना ती असेलच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ऑइल इंजिन विहिरीच्या टप्प्यावर उतरवीत. इंजिन सुरू होई, पाणी चढे, आणि खाली बघायला गेलेला माणूस वर येत नसे. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच बसे. विहिरीला तर वरून सारे आभाळ मोकळे असते. तिथे ही गत, तर हातभर खिडकीच्या खोलीची काय कथा!

या धुरातला घातक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलचा काळा धूर दिसतो, हा दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. जागा माणूस "पित्त झालं" म्हणतो आणि आडवा होतो. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही. दुकानांतून मिळणारे हाताने उचलायचे पेट्रोलचे जनरेटर तर या बाबतीत डिझेलपेक्षाही वाईट. ते गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात ठेवण्याची गोष्टसुद्धा काढू नये.

दुसरा धोका आगीचा. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या शक्तीपैकी साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची उष्णता होऊन धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. बंद खोलीत ती जाणार कुठे? १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकर विसरलेले नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास साऱ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेर बिघाड झाला तर शहर सुटे करून चालू ठेवण्याची व्यवस्था मुंबईत १९८१ पासून आहे, तीही त्या दिवशी कामी आली नाही. दिवसभर जनरेटर चालले. संध्याकाळी मुलुंडच्या एका खाजगी रुग्णालयात जनरेटरलाच आग लागली, सुमारे ४० रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले, आणि त्या धावपळीत एक वृद्ध रुग्ण दगावले. महिन्यातून तासभर चालणारे यंत्र नेमके अडचणीच्या दिवशी दहा तास चालवावे लागते. हिशेब त्या दहा तासांचा धरावयाचा असतो.

मग तळघरात ठेवू, असेही कोणी म्हणेल. त्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी पाणी सर्वांत आधी तळघरातच शिरते.

नियम काय सांगतात? २००५ पासून तयार होणारे १००० केव्हीएपर्यंतचे डिझेल जनरेटर आवाज रोखणाऱ्या पेटीसहच विकावे लागतात, आणि पेटीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. म्हणजे आवाजासाठी खोलीत कोंडण्याचे कारण उरत नाही. धुराच्या नळीची उंची इमारतीच्या माथ्यापासून मोजतात : केव्हीएचे वर्गमूळ काढून त्याची ०.२ पट, तेवढे मीटर वर. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. आपल्या धुराड्याचाच हा धाकटा भाऊ! नळी खिडकीबाहेर काढून वाकविली की झाले, असे नव्हे. तो धूर पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यापाशी जातो.

आणखी एक. चेंजओव्हर स्विच बसविल्याशिवाय जनरेटर इमारतीच्या तारांना जोडू नये. जोडला तर वीज उलटी बाहेरच्या लाइनीत जाते, आणि लाइन बंद आहे म्हणून हात घालणारा वायरमन मरतो. तोही कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

आमचे मत असे. आधी गरज मोजावी. घरातले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर भागतात. वीज जाताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीचे साधन मिळते. त्यानंतरही जनरेटर लागलाच, तर तो उघड्यावर, पाणी न साचणाऱ्या ओट्यावर, झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. त्यासाठी एका मोटारीची जागा गेली तर जाऊ द्यावी. चोरीची भीती असेल तर जाळी आणि कुलूप लावावे.

घाटकोपरच्या सभेत निर्णय झाला नाही, विषय पुढच्या सभेवर गेला. उठताना आम्ही एवढेच विचारले, "त्या खाटेवर तुमच्यापैकी कोण झोपेल?" कोणी बोलले नाही. रखवालदार दारापाशी उभा होता. त्याला सभेत बसण्याचा हक्क नाही, मत देण्याचाही नाही. सहकारात वाढलेल्या माणसांनी तरी, ज्याला मत नाही त्याचा जीव हिशेबात धरावा. सभासदांनी आपल्या मुलांना पत्र लिहिताना, फोन करताना हा विषय जरूर काढावा. आणि आपल्या मळ्यातल्या इंजिनघराची दारे-खिडक्या उघडी आहेत ना, हेही एकदा पाहून यावे.