कोड फुकट, म्हणून श्रमही फुकट?

ओपन सोर्स ही जगाला मिळालेली मोठी देणगी आहे, असे आयटीतले मित्र कौतुकाने सांगतात. देणगी नेमकी कोणाच्या घामाची, असे विचारले की विषय बदलतात. मी समाजशास्त्र शिकले, मला कोड लिहिता येत नाही. पण राबतो कोण, नफा कोणाच्या खिशात जातो आणि चूक झाली की बोलणी कोण खातो, हे विचारायला कोड यावा लागत नाही.

एक्सझेड युटिल्सचे प्रकरण घ्या. फाइल दाबून लहान करणारे हे छोटेसे अवजार. त्याची लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते, म्हणजे जगभरच्या असंख्य सर्व्हरवर. ती वर्षानुवर्षे सांभाळत होता फिनलंडमधला एक माणूस, मोकळ्या वेळात आणि बिनपगारी. २०२२ मध्ये त्याला ईमेलवरून टोचणी सुरू झाली. काम संथ चालले आहे, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने सांगून पाहिले की आपली मानसिक प्रकृती ठीक नाही आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते, एवढे तरी ध्यानात ठेवा. मदतीला ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी हजर होतेच. त्या व्यक्तीने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. टोचणारी खातीही त्याच कटातली असावीत, असा जाणकारांचा दाट संशय आहे.

तो सापडला कसा? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवरच्या लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले. ते मागे लागले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी प्रकरण उघड केले. प्रमुख लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत तो कोड पोहोचायच्या आत.

यावर लगेच टाळ्या पडल्या. बघा, कोड उघडा होता म्हणून चोरी पकडली गेली! हे अर्धेच खरे आहे. चोरदरवाजाचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता. कोड वाचणाऱ्या हजार डोळ्यांना तो दिसला नाही. अर्ध्या सेकंदाची हयगय न करणाऱ्या एका माणसाला दिसला. आणि मुळात एकट्या, थकलेल्या माणसाला गाठले की जगाच्या सर्व्हरांची किल्ली हाती येते, हे हल्लेखोराला कळले होते. त्याच लायब्ररीवर धंदा करणाऱ्या कंपन्यांना ते कळत नव्हते?

कळत होते. २०१४ मध्येच कळले होते. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष निघाला, तेव्हा त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, हे बाहेर आले. मग लाज वाटून बड्या कंपन्यांनी निधी उभा केला. म्हणजे पैसे होते, इच्छा नव्हती. पुढे लॉगफोरजेचा दोष निघाल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये, ‘कर्ल’चे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचे पत्र आले: आमच्या प्रश्नांची उत्तरे २४ तासांत द्या. गंमत म्हणजे त्यांच्या कर्लचा लॉगफोरजेशी काही संबंधच नव्हता. त्यांनी कळवले की उत्तरे आनंदाने देईन, आधी सपोर्टचा करार करा. असे उत्तर द्यायला शिकले पाहिजे.

‘त्यांना कोणी जबरदस्ती केली होती का? परवाना त्यांनीच दिला ना?’ हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा आहे. सेवा म्हणून करून घेतलेल्या कामाबद्दल तो नेहमीच केला जातो. परवान्याने कोड वापरायचा हक्क मिळतो. लिहिणाऱ्याच्या रात्रींवर हक्क मिळत नाही.

हा दूरदेशीचा मामला नाही. अँड्रॉइड फोनवर हा लेख वाचत असाल, तर यातली जोडाक्षरे नीट जुळवून दाखवण्याचे काम ‘हार्फबझ’ ही ओपन सोर्स लायब्ररी करते आहे. आणि आपल्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींना आज सल्ला मिळतो की नोकरी हवी तर गिटहबवर ओपन सोर्सचे काम दाखवा. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, चांगला लॅपटॉप आणि बापाचा पगार आहे, तो दाखवील. जी मुलगी कॉलेजनंतर शिकवण्या घेऊन मेसचे बिल भरते, तिने कुठला वेळ दान करायचा? आणि मग त्या रिकाम्या प्रोफाइलला नाव दिले जाणार ‘गुणवत्ता नाही’.

उपाय अवघड नाहीत. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत कोडसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचे जाहीर केले. चांगलेच आहे, पण एका कंपनीच्या मर्जीवर हा प्रश्न सोडायचा का? भारत सरकारचे ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून आहे. निविदा भरणाऱ्याने ओपन सोर्सचा विचार करावा, अशी अट त्यात आहे. आता त्याच निविदेत आणखी एक रकाना हवा: ज्या लायब्ररी वापरणार, त्या सांभाळणाऱ्यांना किती रक्कम देणार. आणि त्या रकमेतून पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना हे काम पगारी शिकता यावे. गिटहब भरायचे तर विद्यावेतन घेऊन भरू.