वेगाचे कौतुक आणि ब्रेकची उपेक्षा

मोटारसायकलींवरून सहल काढायची ठरली की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती टी-शर्टच्या रंगाची. मग कोणाच्या मागे कोण बसणार, नाश्ता वाईला की पाचगणीला, यावर दोन आठवडे खल चालतो. आपली गाडी किती पळते हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. ती किती अंतरात थांबते, असे विचारले की मंडळी हसतात. ब्रेकची चौकशी करणारा तो भित्रा, हा समज आपल्यात चांगलाच रुजला आहे. मला तो साफ नामंजूर आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र सांगणे म्हणजे लष्कराच्या भाकरी भाजणेच. तरी एवढे सांगतो की, वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. हे झाले सपाट रस्त्याचे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. तेथून आंबेनळी घाटाने चाळीसएक किलोमीटर उतरले की आपण पोलादपूरला, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला येतो. गाडी, दोन माणसे आणि त्यांच्या पिशव्या यांचा सारा भार केवळ ब्रेकवर टाकून ही उतरण केली तर ड्रम आणि डिस्क भाजून निघतात. खालच्या गिअरवर इंजिनालाच गाडी रोखू द्यावी, ब्रेक वळणापुरता.

डिस्कच्या गाडीत आणखी एक भानगड असते. तिचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. ओलावा मुरलेल्याची हमी मात्र १५५ अंशांचीच. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मुठीला टेकली तरी चाक आपले फिरतच राहते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे. ‘माझ्या गाडीला ए.बी.एस. आहे,’ असे कोणी ऐटीत सांगतो. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे, हे खरे. पण ते चाक लॉक होऊ देत नाही, झिजलेले पॅड काही जाड करीत नाही.

ड्रम ब्रेकच्या बाबतीत आपण स्वतःलाच फसवतो. ब्रेक लागेनासा झाला की मागचा नट दोन फेरे आवळायचा आणि ‘टाइट झाला’ म्हणायचे. नट आवळल्याने लायनर वाढत नाही. आवळल्यावर मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून पाहावे. अडत असेल तर ते वाटेत तापणार. मागचा लाल दिवाही पाहावा. जथ्याने जाताना तो दिवा आपल्यासाठी नसतो, मागून येणाऱ्या मित्रासाठी असतो. आणि हे सारे निघायच्या आठवडाभर आधी व्हावे, कारण नवे पॅड बसायला थोडे चालवावे लागते. आदल्या रात्री गाडी चकाचक करताना चेनचे तेल डिस्कवर उडवणारे महाभागही आहेतच!

पण खरी अडचण अज्ञानाची नाही, पैशाची आणि लाजेची आहे. थोरल्या भावाची जुनी गाडी मागून आणलेला मुलगा लायनर संपल्याचे चारचौघांत बोलत नाही. घाटात मागे पडू नये म्हणून तो त्याच गाडीवर इतरांच्या वेगाने धावतो, आणि त्याच्या मागे कोणीतरी विश्वासाने बसलेले असते. दोष त्याला देऊन कसे चालेल? त्याला बोलता येऊ नये असे वातावरण आपणच केले आहे. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे आणि त्याच्या वेगाने सर्वांनी जावे. ज्याची गाडी धड नाही त्याला दुसऱ्याने मागे बसवावे, नाहीतर एस.टी. आहेच.

यंदाच्या वर्गणीतून टी-शर्ट वगळावेत आणि त्या पैशांत ज्यांना गरज आहे त्यांचे लायनर व पॅड बदलून घ्यावेत, असे मी सहलीच्या बैठकीत सुचवणार आहे. विरोध होईल, कारण रंग आधीच ठरला आहे.